बिनधुराच्या गाडीला धाप का लागते?

प्रश्न : मी माजरीला (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर) राहतो. दीड वर्षापूर्वी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली. रेल्वेचे फाटक उघडले की ती सगळ्यांच्या पुढे असते. पण मे महिन्यात भर दुपारी वरोऱ्याहून परतताना, मागे भाचा बसलेला, पंधरा-वीस मिनिटे जोरात चालवल्यावर पडद्यावर थर्मामीटरचे चिन्ह उमटले आणि गाडी आपोआप मंदावली. मूठ कितीही पिळा, वेग वाढेना. सावलीत अर्धा-पाऊण तास उभी ठेवल्यावर पुन्हा ठाकठीक. भाचा म्हणतो, "मामा, रेसच्या गाड्यांचेही असेच होते, म्हणून त्यांची रेस सात-आठ फेऱ्यांत आटपतात." शेजारी म्हणतात, "इंजिनच नाही तर तापणार काय? तुमच्या गाडीतच खोट आहे." तिसऱ्याने बॅटरीवर ओले पोते टाकून चालवायला सांगितले आहे. कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुमचा भाचा निम्मा बरोबर आहे, शेजारी चुकले आहेत पण त्यांची शंका रास्त आहे, आणि ओल्या पोत्याचे शेवटी बघू. आधी दिलासा : तुम्ही सांगता त्यावरून गाडी बिघडलेली दिसत नाही. तिने स्वतःला वाचवले. ती अशी मंदावली नसती तर काळजी करावी लागली असती.

इंजिन नाही, तर उष्णता येते कुठून?

विहिरीवरची मोटर जळालेली तुम्ही पाहिली असेल. वाइंडरकडे नेली की तो ती उघडून काळी पडलेली तार दाखवतो. त्या मोटरमध्येही पेट्रोल नसते, ठिणगी नसते, धूर सोडणारी नळी नसते. तरी ती जळते. कारण तांब्याच्या तारेतून वीज जाताना थोडा अडथळा होतो आणि त्या अडथळ्यापायी वीज खर्ची पडून तार तापते. तांबे वितळत नाही, तारेवरचे वार्निश आधी जळते. वार्निश गेले की तारेला तार भिडते आणि मोटर संपते.

या उष्णतेचा हिशेब सरळ नाही, तिथेच मेख आहे. मोटरचा जोर दुप्पट हवा असेल तर करंट साधारण दुप्पट द्यावा लागतो. पण करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. जोर तिप्पट केला तर नऊपट. भरीस भर म्हणजे तांबे जसे तापते तसा त्याचा अडथळाही वाढतो. १०० अंशांनी तापलेली तार थंड तारेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त अडथळा करते. म्हणजे तापल्यामुळे ती आणखी तापते. फाटकावरून सुटताना तुमची गाडी जो झटका देते, त्याची किंमत तिथे चौपटीच्या दराने मोजली जात असते. पण तो झटका चार-पाच सेकंदांचा असतो, म्हणून जाणवत नाही.

मोटरप्रमाणेच तिला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरमध्ये आणि बॅटरीतही उष्णता तयार होते. बॅटरीतल्या प्रत्येक सेलला स्वतःचा छोटासा अडथळा असतो. वीज बाहेर पडताना सेल आतून तापतो. पेट्रोलची टाकी पेट्रोल दिल्यामुळे तापत नाही. विजेच्या गाडीची टाकी मात्र देता देता तापते. शेजाऱ्यांच्या नजरेतून निसटले ते हेच.

मग पेट्रोलची गाडी जास्त तापते की विजेची?

पेट्रोलची, आणि कितीतरी जास्त. पेट्रोलमध्ये १०० रुपयांची ऊर्जा असेल तर चाकापर्यंत जेमतेम २५-३० रुपयांची पोचते. बाकीची उष्णता होऊन जाते. विजेच्या गाडीत बॅटरीतून निघालेल्या १०० रुपयांतले ८५-९० रुपये चाकाला मिळतात. म्हणजे उष्णता थोडी, तरी तक्रार हिचीच. हे कोडे सुटले की बाकीचे आपोआप सुटते.

पेट्रोल इंजिन आपली बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून धुराबरोबर बाहेर फेकते. फेकायला वेगळा खर्च नाही, धूर जायचाच असतो. उरलेली उष्णता इंजिनच्या पंख्यांवरून किंवा रेडिएटरमधून वाऱ्याला दिली जाते. तिथे इंजिन स्वतः १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून गरम असते आणि तसे राहिलेले त्याला चालते. गरम वस्तू आणि भोवतालची हवा यांच्यातला फरक जितका मोठा, तितकी उष्णता झपाट्याने निघून जाते. कढईतला रस्सा पहिल्या पाच मिनिटांत पटकन निवतो आणि कोमट झाल्यावर तसाच रेंगाळतो, ते याच कारणाने.

विजेच्या गाडीला धुराडे नाही. जी काही उष्णता तयार होते ती धातूतून बाहेर येऊन वाऱ्यालाच द्यावी लागते. आणि तिच्या तीन अवयवांची सोशिकता वेगवेगळी आहे. मोटरच्या तारेवरचे चांगल्या प्रतीचे वार्निश १५५ ते १८० अंशांपर्यंत टिकते. मोटरमधले चुंबक जास्त तापले तर कायमचे दुबळे होतात, म्हणून त्यांच्यासाठी आणखी थोडे अलीकडे थांबावे लागते. कंट्रोलरमधल्या सिलिकॉनच्या चकत्याही दीडशे अंशांच्या आसपास दम धरतात. लिथियम-आयन बॅटरी मात्र नाजूक. वीज देताना ६० अंश ही तिची सर्वसाधारण मर्यादा, आणि चार्ज होताना तर ४५. कंपनीनुसार आकडा थोडा मागेपुढे होतो, पण क्रम तोच राहतो : आधी बॅटरी, मग बाकीचे.

माजरीच्या उन्हाचे गणित

आता हे गणित आपल्या जिल्ह्यात आणू. चंद्रपूरचा पारा मेमध्ये ४७-४८ अंशांना टेकतो, हे तुम्हाला सांगायला नको.

पुण्यात हिवाळ्याच्या दुपारी हवा २५ अंश असेल तर बॅटरीला तिच्या मर्यादेपर्यंत ३५ अंशांची मोकळीक मिळते. माजरीच्या ४७ अंशांत ती मोकळीक उरते फक्त १३ अंश. निम्म्याहूनही कमी, जवळजवळ एक-तृतीयांश. मोटरचे बघा. तिची मर्यादा १५० धरली तर २५ अंशांच्या हवेत १२५ अंशांची मोकळीक, ४७ मध्ये १०३ अंशांची. म्हणजे मोटरचे नुकसान पाचव्या भागाहूनही कमी, तर बॅटरीचे जवळजवळ दोन-तृतीयांश. ऊन दोघांवर सारखेच पडते, पण पोळते बॅटरी. म्हणून मे महिन्यात गाडी मंदावली की लोक मोटरला हात लावून बघतात आणि तिथेच चुकतात.

तुमच्या त्या दुपारचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. पंधरा-वीस मिनिटांत गाडीने दीड युनिट वीज वापरली असे धरू. वीजबिलातले युनिट म्हणजेच एक किलोवॉट-तास. त्यातली पाच टक्के वीज बॅटरीच्या पोटातच उष्णता झाली तर ती सुमारे २७० किलोज्यूल भरते. एक किलो बॅटरी एक अंशाने तापवायला साधारण एक किलोज्यूल लागतो, पाण्याच्या जेमतेम पावपट. बॅटरी ३० किलोची मानली तर ती ९ अंशांनी तापेल. डिसेंबरमध्ये २५ वरून निघालेली बॅटरी ३४ वर पोचली असती आणि तुम्हाला कळलेही नसते. पण वरोऱ्यात गाडी उन्हात उभी असेल, तर बॅटरी निघतानाच ५० अंशांना असणार. पन्नास आणि नऊ, एकोणसाठ. थर्मामीटरचे चिन्ह इथे उगवते.

वाटेतला वारा तिला निववेल ही आशाही मेमध्ये फोल. वाराच ४७ अंशांचा, वर डांबर त्याहून तापलेले. भट्टीसमोर उभे राहून पंख्याने वारा घेण्यातला प्रकार.

पाटीवरचा आकडा आणि खरा दम

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. गाडीच्या माहितीपत्रकात शक्तीचा जो मोठा आकडा असतो, तो कमाल शक्तीचा असतो. ती गाडी काही सेकंद, फार तर मिनिट-दोन मिनिटे देऊ शकते. तासन्‌तास देता येणारी शक्ती वेगळी, आणि ती बरीच कमी असते. मोटर किती जोर लावू शकते हा प्रश्न फारसा अवघड नाही. लावलेल्या जोराची उष्णता ती किती वेगाने टाकू शकते, यावर तिचा खरा दम ठरतो.

स्वयंपाकघरातला मिक्सर उलटा करून बघा. बहुतेकांच्या बुडाशी पाच मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद अशा अर्थाचे काहीतरी लिहिलेले असते. तांदूळ-डाळ वाटता वाटता तो मधेच बंद पडतो, आपण खालचे लाल बटण दाबून पुन्हा सुरू करतो. तुमच्या गाडीनेही तेच केले, फक्त बंद न पडता शहाणपणाने हळू झाली.

याचे मोठे उदाहरण तर तुमच्या गावातूनच रोज जाते. माजरी जंक्शनवर कोळशाची रेक सिग्नलला थांबलेली असताना विजेच्या इंजिनाजवळून कधी गेला असाल तर ते उभ्या उभ्या घोंगावत असलेले ऐकले असेल. तो आवाज ओढण्याचा नाही, गाडी तर उभी आहे. आत बसवलेले ब्लोअर चाकांच्या मोटरींवर वारा मारत असतात. नुकत्याच चढावर राबलेल्या मोटरी निववायच्या आणि सुटताना पुन्हा जोर लावायला तयार ठेवायच्या. ६००० अश्वशक्तीचे इंजिन पन्नास-साठ वाघिणी ओढते ते नुसत्या मोटरींच्या बळावर नाही, या वाऱ्याच्या बळावर. जुन्या रेल्वे मोटरींच्या पाटीवर तर एक तासाची शक्ती आणि सततची शक्ती असे दोन आकडेच लिहीत. मोटरसायकलींच्या जाहिरातींनी ही सवय उचलली असती तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते.

आता भाच्याचा मुद्दा : रेस लवकर का आटपते?

विजेच्या मोटरसायकलींची पहिली मोठी रेस २००९ मध्ये आयल ऑफ मॅन बेटावर झाली. डोंगराळ रस्त्याची ६०.७ किलोमीटरची एकच फेरी. रॉब बार्बर जिंकला, सरासरी वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर, आणि त्याच्या संघाचे नाव होते टीम अग्नी. पुण्याचे कपिल शेळके आणि त्यांचा टॉर्क हा चमूही आपली गाडी घेऊन त्या पहिल्या रेसमध्ये उतरला होता. तेव्हा आपल्या रस्त्यांवर विजेची मोटरसायकल हे नवलच होते. पुढे त्यांनी पुण्यात रस्त्यावर चालणारी गाडीही बनवली. त्याच बेटावर दहा वर्षांनी, २०१९ मध्ये, मायकेल रटरने मुगेनच्या गाडीवर ताशी १९६ किलोमीटरची सरासरी गाठली. त्या काळचा पेट्रोल गाड्यांचा विक्रम २१८ होता. दहा वर्षांत अंतर इतके घटले, पण एक गोष्ट बदलली नाही : विजेच्या गाड्यांची फेरी शेवटपर्यंत एकच राहिली.

मग २०१९ पासून मोटोजीपी या पेट्रोल मोटरसायकलींच्या रेस-मालिकेच्या जोडीने मोटोई ही विजेच्या गाड्यांची मालिका सुरू झाली. आधी एनर्जिकाच्या आणि २०२३ पासून डुकाटीच्या गाड्या. तुमचा भाचा मोबाइलवर बघतो त्या बहुधा याच. २०२५च्या हंगामानंतर ही मालिका थांबवली, पण त्याचे कारण उष्णता नव्हे. प्रेक्षक आणि बाजार अपेक्षेइतके जमले नाहीत.

मोटोईची रेस सात-आठ फेऱ्यांची, जेमतेम १२-१४ मिनिटांची. मोटोजीपीची ४० मिनिटांहून मोठी. भाचा म्हणतो, कारण उष्णता. इथे तो निम्मा चुकतो. पहिले कारण टाकी. मोटोजीपीच्या गाडीत २२ लिटर पेट्रोल असते. एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा, म्हणजे एकूण जवळजवळ २०० युनिट. त्यातली पाऊणभर वाया गेली तरी पन्नासएक युनिट चाकाला मिळतात. डुकाटीच्या मोटोई गाडीची बॅटरी १८ युनिटांची, चाकाला मिळणार सोळाएक. पन्नास आणि सोळा, तीनास एक. रेसच्या वेळेचे प्रमाणही तेवढेच आहे. बॅटरी मोठी का करत नाहीत? कारण १८ युनिटांचीच ११० किलो भरते आणि अख्खी गाडी २२५ किलोची होते, तर मोटोजीपीची गाडी १५७ किलोच्या आसपास.

पण भाचा उरलेला निम्मा बरोबर आहे. मघाचा हिशेब या गाडीला लावू. रेसमध्ये १५ युनिट खर्च झाले आणि त्यातले चार टक्के बॅटरीत उष्णता होऊन राहिले असे धरले तर ०.६ युनिट, म्हणजे २१६० किलोज्यूल. ११० किलोची बॅटरी त्यामुळे सुमारे २० अंशांनी तापेल. सकाळी ३० अंशांवर निघाली तर ५० वर पोचून रेस सुखरूप संपेल. तीच गाडी ४५ अंशांवर निघाली तर तेराव्या मिनिटाआधीच ६० ओलांडेल आणि कंट्रोलर शक्ती आवळेल. म्हणून या खेळात नुसती वेगवान गाडी पुरत नाही. किती थंड बॅटरी घेऊन रांगेत उभे राहिलात यावरही बरेच ठरते.

छोट्या रेसमध्ये ही अडचण आडवी येत नाही. अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगरावर साधारण २० किलोमीटरची चढाईची रेस होते आणि शिखर ४३०० मीटरवर आहे. वर हवा विरळ, त्यामुळे पेट्रोल इंजिनाला प्राणवायू कमी पडून त्याची ताकद घटते. विजेच्या मोटरला प्राणवायूशी देणेघेणे नाही. २०१३ मध्ये कार्लिन डन याने लाइटनिंग कंपनीच्या विजेच्या गाडीवर ही चढाई १० मिनिटांत पूर्ण केली आणि पेट्रोलवाल्या सगळ्या मोटरसायकलींना २० सेकंदांनी मागे टाकले. विरळ हवेत गाडी निववणे अवघड जाते हे खरे, पण दहाच मिनिटांचा मामला. जमा झालेली उष्णता बाहेर टाकायची गरज पडण्याआधीच शिखर आले.

आपल्याकडेही हेच दिसते. बेंगळुरूच्या अल्ट्राव्हायोलेट कंपनीच्या एफ-९९ या रेसच्या गाडीने लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाचे अंतर पावणेअकरा सेकंदांच्या आत कापले. पाव मैल म्हणजे ४०० मीटर. एवढ्या वेळात तापायला सवड कुठे? सेकंदांची रेस मोटरच्या जोरावर, मिनिटांची बॅटरीच्या वजनावर, आणि तासाची निववण्याच्या सोयीवर जिंकली जाते, असे ढोबळपणे म्हणता येईल. तुमची वरोरा-माजरी वारी या तिसऱ्या प्रकाराकडे झुकते.

रेसवाले यावर काय करतात?

पहिली गोष्ट, दोन वेगळे नळ. डुकाटीच्या गाडीत बॅटरीसाठी एक आणि मोटर व तिच्या कंट्रोलरसाठी दुसरे अशी शीतक द्रवाची दोन स्वतंत्र वर्तुळे होती. एकच का नाही? कारण मोटरला निववून आलेले पाणी ८० अंशांचे असले तरी मोटरची तक्रार नसते, पण तेच पाणी बॅटरीभोवती फिरवले तर ते तिला निववणार नाही, शिजवेल. चेन्नईजवळच्या ट्रॅकवर २०२३ मध्ये टीव्हीएसने विजेच्या अपाचे गाड्यांची रेस सुरू केली, त्यांच्या मोटरी आणि कंट्रोलरही द्रवाने निववलेल्या होत्या. रस्त्यावरच्या आपल्या बहुतेक गाड्यांना मात्र वाऱ्यावरच भागवावे लागते, कारण पंप, नळ्या आणि रेडिएटर आले की किंमत आणि वजन दोन्ही वाढते.

दुसरी गोष्ट, व्होल्टेज. याचे मोठे उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची लाइन जाते. इतके प्रचंड व्होल्टेज कशासाठी? तेवढीच वीज पाठवायला करंट कमी लागतो, आणि करंट निम्मा झाला की तारेतली उष्णता पावपट होते. मघाच्या चौपटीच्या दराचा हा उलटा फायदा. रेसच्या गाड्या म्हणूनच ८०० व्होल्टपर्यंत जातात. रस्त्यावरच्या साध्या गाड्या बऱ्याचदा ५०-१०० व्होल्टवर चालतात, तेव्हा त्यांच्या तारांमधून करंट जास्त वाहतो.

तिसरी गोष्ट स्वाराची. वेग दुप्पट केला की वाऱ्याला कापायला लागणारी शक्ती आठपट होते. शेवटच्या फेऱ्यांसाठी दम राखून ठेवायचा असेल तर जिथे वेग वाढवून वेळ वाचत नाही तिथे मूठ सैल सोडायची, हे चांगल्या स्वाराला कळते. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की, ८०ऐवजी ६०ने आलात तर वारा कापायची शक्ती निम्म्याहून कमी लागते. घरी पोचायला चार-पाच मिनिटे जास्त, पण मग ते चिन्ह बहुधा उगवणारच नाही.

मंदावणे म्हणजे पेटण्याची सुरुवात का?

नाही. हा गैरसमज २०२२च्या उन्हाळ्यात पसरला. तेव्हा पुण्यासह देशात काही ठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. सेल पेटतो तो बहुधा आतल्या दोषामुळे, मार लागल्यामुळे, पाणी शिरल्यामुळे किंवा जादा चार्ज झाल्यामुळे. आतल्या आत शॉर्ट होऊन एक सेल भडकतो आणि शेजारच्याला पेटवतो. गाडी मंदावते ती अशी वेळ येण्याच्या खूप आधी, राखणदाराने हाक मारल्यावर. त्या घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस १५६ हे मानक डिसेंबर २०२२ पासून आणखी कडक केले गेले. विजेच्या रेसमधली एक मोठी आगही धावताना लागली नव्हती. मार्च २०१९ मध्ये स्पेनच्या हेरेझ ट्रॅकवर मध्यरात्री तंबू पेटला आणि मोटोईच्या गाड्या उभ्या उभ्याच जळाल्या. पहिला हंगाम त्यामुळे जुलैपर्यंत पुढे गेला.

आता ते पोते

ओल्या पोत्यामागचे शास्त्र खोटे नाही. पाणी वाफ होताना उष्णता शोषते, त्यावरच आपला वाळ्याचा कूलर आणि माठ चालतो. पण माठ पाझरतो, बॅटरीची पेटी पाझरत नाही. ती पाणी आत जाऊ नये म्हणून बंद केलेली असते आणि उष्णता तिच्या पोटात, सेलच्या गाभ्यात असते. वरचे झाकण निवले तरी गाभ्यापर्यंत गार पोचायला वेळ लागतो. दुसरे, तापलेल्या पेटीवर एकदम गार पाणी ओतले की धातू आणि रबराचे सील वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि फटीतून ओल आत ओढली जाण्याचा धोका राहतो. तिसरे, ओले पोते सुकले की गोधडीच. चालत्या गाडीवर तर ते साखळीत किंवा चाकात अडकू शकते, मग उष्णतेची चिंताच उरणार नाही.

त्याऐवजी एवढे करा. गाडी सावलीत उभी करा, कारण निघतानाचे तापमान जितके कमी, तितकी मोकळीक जास्त. उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. बॅटरीला ४५ अंशांवर चार्ज होणे सोसत नाही, म्हणून मेमध्ये चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे. दुपारी निघायचेच असेल तर स्पोर्ट मोड सोडून इको घ्या. डबलसीट चढावर मूठ पूर्ण पिळून धरण्यापेक्षा हळू चढा. चिन्ह उमटले तर थांबा, पण लगेच पाणी मारू नका, नुसती सावली पुरते. आणि खास माजरीकरांसाठी : मोटरच्या आणि कंट्रोलरच्या पंख्यांमध्ये बसलेली कोळशाची धूळ आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा. धातूवर बसलेली धूळ म्हणजे मोटरने अंगावर घेतलेली चादर. थंडीच्या दिवसांतही चिन्ह वारंवार उमटू लागले तर मात्र सर्व्हिस सेंटरला नक्की दाखवा. तेव्हा शेजाऱ्यांचे म्हणणे खरे ठरू शकते.

भाच्याला सांगा, पुढच्या वेळी जंक्शनवर कोळशाच्या रेकचे इंजिन उभे दिसले की दोन मिनिटे थांबून ते घोंगावणे ऐक. त्या इंजिनाला ताकदीबरोबर वारा घालणाराही सोबत मिळाला आहे. मामाच्या गाडीला तो नाही, म्हणून मे महिन्यात ती मधेच सावली मागते. तेवढी द्यावी.